फ्लॅश शिकायचाय? पर्सनल शिकवणी लावा, पण ती अशी लावा

फ्लॅश शिकायला मी पहिल्यांदा ज्या स्टुडिओत पैसे भरून गेलो तिथे सगळं आधीच मांडून तयार होतं. तीन लाइट, मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारा कापडी डबा), मॉडेल बसलेली, माझ्या कॅमेऱ्यावर ट्रिगर (लांबचा फ्लॅश चमकवणारं छोटं यंत्र) त्यांनीच लावला, सेटिंग त्यांनीच केलं आणि मी नुसतं बटण दाबत राहिलो. दोन तासांत चाळीसेक मस्त फोटो झाले, खूश होऊन घरी आलो, बहिणीला खुर्चीत बसवलं आणि रात्री एक वाजेपर्यंत खटपट केली पण एक फोटो धड येईना. कपाळ पांढरंफटक आणि मागे भिंतीवर काळीकुट्ट सावली.

नंतर वर्षभराने मला एक सर भेटले, ते घरी येऊन शिकवायचे, एका वेळी एकालाच. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की तुझ्या कॅमेऱ्याला मी हात लावणार नाही, सगळं तूच करायचं, मी फक्त बाजूला उभा राहून बघणार. मला फ्लॅश खरा तिथे समजला. आता मी पुण्यात लग्नाचे फोटो काढतो आणि लग्नाची तारीख नसते त्या दिवशी स्वतःही शिकवतो, असंच, एकेकट्याला. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघून झालंय. खाली जे लिहितोय ते ज्यांना अशी शिकवणी लावायचीय त्यांच्यासाठी आहे, कुणाकडे जायचं, काय सामान न्यायचं, कुठल्या सेशनमध्ये काय शिकून घ्यायचं आणि सरांकडून काय हक्काने मागायचं.

एकट्यानेच का शिकायचं

कारण फ्लॅशचा उजेड डोळ्याला दिसत नाही. म्हणजे चमकलेलं दिसतं, पण साध्या स्पीडलाइटचा (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशचा) झोत फुल पॉवरवर साधारण १/३०० सेकंद टिकतो आणि पॉवर अगदी कमी केली की १/२०००० सेकंदापर्यंत खाली येतो, एवढ्या वेळात चेहऱ्यावर सावली कुठे पडली ते कुणालाच कळत नाही. खिडकीच्या उजेडात आपण माणसाला थोडं इकडे वळ तिकडे वळ म्हणतो आणि फरक समोर दिसतो. फ्लॅशमध्ये चूक आधी होते आणि दिसते नंतर, स्क्रीनवर. आणि स्क्रीनवर फक्त परिणाम दिसतो, कारण नाही. तुम्ही माणसाला भिंतीला चिकटवून उभं केलं होतं, की फ्लॅशचं डोकं सरळ समोर होतं, की आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) मघाचाच राहिला होता, हे बाजूला उभा असलेला माणूसच सांगू शकतो. वीस जणांच्या वर्कशॉपमध्ये एक ट्रिगर हातोहाती फिरतो, प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सहा फ्रेम येतात आणि चूक करायला वेळच मिळत नाही. यूट्यूबवर ज्ञान भरपूर आहे, मीही खूप बघितलंय, पण व्हिडिओला तुम्ही दिसत नाही ना.

सर कसे शोधायचे

इन्स्टावरचे सुंदर फोटो बघून ठरवू नका. चांगला फोटोग्राफर चांगला शिकवेलच असं नाही, उलट ज्यांच्या हातात सगळं बसलेलं असतं त्यांना आपण काय करतो ते शब्दांत सांगता येत नाही असंही होतं. तुमच्या भागात लग्नाचं, प्रॉडक्टचं नाहीतर पोर्ट्रेटचं काम नियमित करणारा माणूस शोधा आणि फोनवर थेट विचारा. मी माझाच कॅमेरा आणि माझाच फ्लॅश वापरणार, चालेल ना? आधी मॅन्युअल (पॉवर आपण लावायची) शिकवणार की आधी टीटीएल (पॉवर फ्लॅशच ठरवतो)? माझ्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ, न सुधारलेल्या) बसून बघणार का, की फक्त काढून घेणार? पहिल्या प्रश्नाला जर उत्तर आलं की अहो आमच्याकडे सगळं आहे, तुम्ही नुसते या, तर मी तरी तिथे जाणार नाही. कारण घरी तुमच्याकडे ते "सगळं" नसणार.

दुसरं म्हणजे सुरुवातीलाच दहा सेशनचं पॅकेज घेऊ नका. एकाचे पैसे द्या, करून बघा. फी तासावर आहे की सेशनवर, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, पाऊस आला किंवा त्यांचंच अचानक काम निघालं तर काय, हे आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, म्हणजे नंतर दोघांनाही अवघडायला होत नाही. जागा शक्यतो तुमचं घर. एकट्या मुलीने अनोळखी माणसाकडे शिकायला जाताना घरचं कुणीतरी सोबत न्यावं, त्याचा फायदा असा की मॉडेलही तयार मिळतं, आणि नीट माणूस असेल तर त्याला यात काही वावगं वाटणार नाही.

दोन-दोन तासांची पाच ते सहा सेशन आणि मध्ये आठ-दहा दिवसांचं अंतर, हे मला सगळ्यात बरं वाटतं. लागोपाठ दोन दिवसांत उरकलेलं डोक्यात राहत नाही कारण मधला घरचा सराव होत नाही.

सामान, आणि एक पिन

फार काही लागत नाही. एक स्पीडलाइट, एक ट्रिगर, एक स्टँड, एक पांढरी छत्री (फोटोग्राफीची, उजेड आरपार जातो ती), बस. मुंबईत सीएसएमटीच्या समोर फोर्टात बोरा बाजारला हे सगळं हातात घेऊन बघता येतं, बाकी ठिकाणी ऑनलाइन आहेच. गोडॉक्सचा टीटी६८५ किंवा व्ही८६० यातलं काहीही चालेल, पहिला पेन्सिल सेलवर चालतो, दुसऱ्याला स्वतःची लिथियम बॅटरी येते आणि ती खूप पुरते. टीटी६०० स्वस्त आहे पण त्यात टीटीएल नाही, फक्त मॅन्युअल. शिकायला मला तो अजिबात कमी वाटत नाही, उलट बराच वाटतो. पेन्सिल सेलवाला घेतलात तर रिचार्जेबल निकेलचे सेल घ्या, चार-चारचे दोन जोड, आणि चारही सेल नेहमी एकाच जोडीचे घाला.

घेण्याआधी एक गोष्ट मात्र तपासाच. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या हॉटशूमध्ये बघा, मधोमध एक गोल मोठा संपर्क, म्हणजे पिन, असतो, जुना कुठलाही साधा फ्लॅश त्यावरच चालतो. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या बॉडींना तो मधला संपर्क दिलेलाच नाही. आपल्याकडे शिकणाऱ्यांच्या हातात हेच कॅमेरे जास्त असतात आणि मित्राकडून आणलेला जुना फ्लॅश त्यावर चमकतच नाही, मग पोरं म्हणतात फ्लॅश बिघडला. बिघडलेला नसतो. अशा बॉडीला कॅननचाच किंवा त्या बॉडीला चालतो असं कंपनीने सांगितलेला ट्रिगर किंवा फ्लॅश लागतो, काही ट्रिगरना आधी फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं. दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा घेऊन जा आणि लावून, चमकवून मगच पैसे द्या. सोनीवाल्यांनीही सोनीचाच शू असलेला ट्रिगर घ्यायचा, कॅननचा बसत नाही.

याशिवाय घरातून आणायच्या तीन वस्तू: एक शेंडीवाला नारळ, एक तांब्या (तांब्याचा किंवा स्टीलचा, चकचकीत घासलेला) आणि एक पांढरा रुमाल. आणि शिंप्याचा नाहीतर सुताराचा टेप. कशाला ते पुढे येतंय.

पहिलं सेशन: आधी काळा फोटो

संध्याकाळी सात नंतर, घरच्या हॉलमध्ये, ट्यूबलाइट चालू. मोड मॅन्युअल. आयएसओ २००, एफ/५.६ (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक), शटर १/२०० (एवढा सेकंद ते उघडं राहतं). आता फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढायचा.

गेल्या वर्षी एक काकू शिकायला होत्या, वय साठीच्या आसपास, नातीच्या बारशाचे फोटो त्यांना स्वतः काढायचे होते. त्या म्हणाल्या, "अहो, पण काळा येईल की."
म्हटलं, "येऊ द्या काकू, काळाच हवाय."
काढला, आला काळा, नुसती ट्यूबची एक रेघ.
"आता फ्लॅश चालू करा, पॉवर १/३२, साहेबांना दोन मीटरवर उभं करा आणि काढा."
काका एकदम उजळ आले, मागे सगळा अंधार, हॉलमध्ये ट्यूब चालू असून. काकूंनी फोटो बघितला, मग ट्यूबकडे बघितलं, मग परत फोटो. "म्हणजे हा सगळा उजेड फ्लॅशचाच?" हो, सगळा फ्लॅशचाच.

आता कशालाही हात न लावता फक्त शटर खाली आणत जायचं. १/२००, १/१००, १/५०, १/२५, १/१३. प्रत्येकी एक फोटो. काका पाचही फोटोंत जवळजवळ तेवढेच उजळ राहतात पण मागची भिंत, कपाट, देवघरातला दिवा हळूहळू अंधारातून वर यायला लागतो. फ्लॅश फोटोग्राफीचा गाभा हाच आहे: एका फोटोत दोन फोटो असतात, एक खोलीतल्या उजेडाचा आणि एक फ्लॅशचा. फ्लॅश क्षणात चमकून संपतो त्यामुळे शटर किती वेळ उघडं राहिलं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, खोलीतला उजेड मात्र शटर उघडं असेपर्यंत साठत राहतो. म्हणून शटर म्हणजे खोलीचा नळ. फ्लॅशची पॉवर आणि फ्लॅशचं अंतर म्हणजे फ्लॅशचा नळ. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दोघांनाही सारखंच कमी-जास्त करतात. एवढं एक वाक्य ज्याच्या डोक्यात बसलं त्याला मंगल कार्यालयात गेल्यावर काय फिरवायचं ते कळतं, नाहीतर माणसं घाबरून सगळंच फिरवत बसतात.

याच सेशनला सिंक स्पीड, म्हणजे शटरच्या ज्या वेगापर्यंत फ्लॅश नीट साथ देतो तो आकडा, बघून टाकायचा. शटर १/२०० वरून १/५०० करायला जा, बऱ्याच कॅमेऱ्यांत ट्रिगर तो आकडा पुढे जाऊच देत नाही, आणि जो जाऊ देतो त्यात फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. तो पट्टा म्हणजे शटरचा पडदा, त्याची सावली. बहुतेक कॅमेऱ्यांची मर्यादा १/१६० ते १/२५० च्या दरम्यान असते, तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, तो आकडा पाठ करा. पट्टा एकदा स्वतः काढून बघा म्हणजे लग्नात कधी दिसला तर घाबरायला होणार नाही.

घरचा अभ्यास: हेच पाच फोटो रोज एकदा, वेगवेगळ्या खोलीत, आठवडाभर.

दुसरं सेशन: टेप

फ्लॅश स्टँडवर, ट्रिगर कॅमेऱ्यावर. पांढरा रुमाल खुर्चीच्या पाठीवर टाका. टेपने मोजून फ्लॅश एक मीटरवर ठेवा आणि पॉवर अशी लावा की एफ/८ ला रुमाल पांढरा दिसेल पण त्यातली वीण नाहीशी होणार नाही. आता फ्लॅश दोन मीटरवर न्या, बाकी काही बदलू नका. अंतर दुप्पट, उजेड निम्मा होईल असं सगळ्यांना वाटतं, पण होतो पाव. म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). परत तेवढाच पांढरा हवा असेल तर एफ/४ करावा लागतो. मधला टप्पा १.४ मीटर, तिथे एफ/५.६, आणि २.८ मीटरला एफ/२.८. नीट बघितलंत तर लेन्सवरच्या एफ नंबरचे जे आकडे आहेत, १, १.४, २, २.८, ४, तेच टेपवर आले. मला सरांनी हे दाखवलं होतं तेव्हा मी ते वहीत लिहून दोनदा खाली रेघ मारली होती, ती वही अजून आहे.

पॉवरचंही तसंच. १/१, १/२, १/४ असं १/१२८ पर्यंत, प्रत्येक पायरी एक स्टॉप. म्हणजे टेपवर, लेन्सवर, फ्लॅशवर आणि आयएसओवर सगळीकडे एकच भाषा आहे. दहा मिनिटं सरांनी तोंडी गणितं घालावीत: फ्लॅश एक मीटरवरून दोनवर नेला, पॉवर १/३२ होती, आता किती? १/८. आयएसओ २०० चा ८०० केला, पॉवर १/४ होती, आता? १/१६. ही गणितं पटापट यायला लागली की कामाच्या ठिकाणी टेस्ट फोटो दोनच लागतात.

याचा खरा उपयोग ग्रुप फोटोत. स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन्ही बाजूंना मामे-मावशी मिळून बारा जण उभे आहेत आणि तुमचा लाइट एका टोकाला आहे. जवळचा माणूस लाइटपासून दोन मीटरवर आणि लांबचा चार मीटरवर असेल तर दोघांत दोन स्टॉपचा फरक पडणार, टोकाचे मामा भाजणार आणि पलीकडची मावशी काळोखात. तोच लाइट मागे नेऊन पाच आणि सात मीटर केला की फरक जेमतेम एक स्टॉप राहतो. लाइट मागे नेला म्हणून पॉवर वाढवावी लागते, पण सगळे चेहरे दिसतात, आणि अल्बम उघडल्यावर प्रत्येक जण आधी स्वतःलाच शोधतो.

तिसरं सेशन: नारळ आणि तांब्या

हे मला शिकवायला सगळ्यात जास्त आवडतं. टेबलावर नारळ ठेवा, शेंडी वर. फ्लॅश कॅमेऱ्यावर सरळ समोर ठेवून एक काढा: सपाट, तपकिरी गोळा. मग फ्लॅश स्टँडवर घेऊन नारळाच्या बरोबर उजव्या बाजूला, टेबलाच्याच उंचीवर ठेवा. आता एकेक धागा उभा राहतो, तंतू मोजून घ्या असं दिसतं. उजेड बाजूने घसटून गेला की खडबडीतपणा दिसतो, समोरून आला की पुसला जातो. आता हेच माणसाच्या चेहऱ्यावर आणा, आजोबांच्या सुरकुत्या दाखवायच्या असतील तर बाजूने, आणि मुरुमांनी वैतागलेल्या कॉलेजच्या मुलीचा फोटो असेल तर समोरून, थोडा वरून, आणि छत्रीतून.

मग तांब्या. चकचकीत वस्तूवर उजेड "पडत" नाही, त्यात लाइट स्वतःच दिसतो, आरशासारखा. उघडा फ्लॅश मारला तर तांब्यावर एक बारीक टोचणारा पांढरा ठिपका, बाकी सगळा तांब्या काळसर. तीच छत्री मधे धरून जवळ आणली की तांब्याच्या पोटावर मोठा मऊ पांढरा पट्टा येतो आणि एकदम तो गोल, भरीव, धातूचा वाटायला लागतो. छत्री एक पाऊल मागे, पट्टा लहान. अजून मागे, परत ठिपका. म्हणजे लाइट मऊ की कडक हे छत्रीच्या किमतीवर नाही, वस्तूपासून बघितलं तर ती केवढी दिसते त्यावर ठरतं. नवरीच्या अंगावरचं सोनं, नथीतले मोती, शालूची जर, घामाने चकाकलेलं कपाळ, हे सगळे तांब्याचेच भाऊबंद. दागिन्यांचा फोटो चांगला हवा असेल तर लाइट मोठा आणि जवळ, दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

चष्म्याचंही इथेच उरका, सरांनाच चष्मा असेल तर उत्तम. काचेत छत्री दिसत असेल तर लाइट वर न्या आणि बाजूला सरकवा, हनुवटी किंचित खाली, तरी दिसत असेल तर चष्म्याच्या काड्या कानावर केसभर वर उचलायच्या म्हणजे काचा खाली झुकतात. फोटोत कळत नाही.

स्टँडवर वजन टाकायची सवय याच दिवशी लावा. माझा स्टँड एका वाड्याच्या अंगणात वाऱ्याने छत्रीसकट आडवा झाला होता, फ्लॅशचं डोकं तुटलं, आणि एक लहान पोरगं तिथून नुकतंच पळत गेलं होतं ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. वाळूची पिशवी, पाण्याच्या दोन बाटल्या, कॅमेऱ्याची बॅग, काहीही अडकवा, पण अडकवाच.

चौथं सेशन: छत आणि भिंती

रोजच्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी बाउन्स. फ्लॅश कॅमेऱ्यावरच, पण डोकं छताकडे किंवा मागच्या बाजूच्या भिंतीकडे वळवलेलं, म्हणजे ती भिंतच तुमचा सॉफ्टबॉक्स होते. सुरुवातीला सगळे डोकं सरळ वर छताकडे करतात आणि डोळ्यांखाली खड्डे पडतात. डोकं थोडं मागे आणि बाजूला वळवा, तुमच्या खांद्यावरून मागे, उजेड कोपऱ्यात जाऊन बाजूने परत येऊ द्या. कॅरमची सोंगटी रिबाउंडने कशी घेता तसंच, फक्त भिंत उजेड पसरवून परत पाठवते. सरांना सांगा की घरातल्या प्रत्येक खोलीत मला उभं करून विचारा, इथे कुठल्या भिंतीवर मारशील, आणि मी आधी बोट दाखवेन मग मारेन.

भिंतीला रंग असेल तर उजेडालाही तोच रंग. पिस्ता रंगाच्या बेडरूममध्ये बाउन्स केला की माणूस आजारी दिसतो. हळदीला पिवळ्या कापडाचा मांडव असतो तिथे छतावर मारायचाच नाही, आधीच सगळं पिवळं आहे त्यात अजून पिवळं, तिथे छत्री घ्या नाहीतर थेट पण कमी पॉवरने मारा. कार्यालयाचं छत वीस-पंचवीस फुटांवर असलं तर फ्लॅशचा जीव जातो, तिथे जवळचा पांढरा खांब किंवा भिंत शोधा, तीही नसेल तर एखाद्याच्या हातात थर्माकोलची शीट द्या.

टीटीएल, एचएसएस वगैरे

यावर फार वेळ घालवू नका, अर्धं सेशन पुरे. टीटीएल म्हणजे फ्लॅश आधी एक बारीक चमक मारून बघतो आणि पॉवर स्वतः ठरवतो. पळापळीत, अंतर सारखं बदलत असताना, छान. पण फ्रेममध्ये पांढरं जास्त असेल तर फसून फोटो काळा काढतो आणि काळा कोट भरपूर असेल तर चेहरा पांढराफटक करतो, म्हणून भरपाईचं (फ्लॅशचा जोर कमी-जास्त करायचं) बटण कुठे आहे ते अंधारात हाताला सापडलं पाहिजे. मॅन्युअल आधी आलेलं असेल तर टीटीएल कुठे फसतंय हे लगेच ओळखू येतं.

एचएसएस म्हणजे सिंक स्पीडच्या पुढे जायची सोय, भर दुपारी एफ/२ वर फोटो काढायचा असेल तर. फ्लॅश एकदा न चमकता पटापट अनेकदा चमकतो त्यामुळे जोर खूपच कमी होतो, लाइट जवळ आणावा लागतो. एकदा बाहेर उन्हात करून बघा, पुढे चला.

रंग जुळवणं

फ्लॅशचा रंग दुपारच्या उन्हाचा, साधारण ५५०० केल्विन (उजेडाचा रंग मोजायचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा). कार्यालयातले पिवळे बल्ब साधारण २७०० ते ३२००. दोन्ही एकाच फोटोत आले की नवरी पांढरी आणि मागचं सगळं संत्र्यासारखं, आणि एडिटिंगमध्ये एक सुधारलं की दुसरं बिघडतं. उपाय म्हणजे फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद), त्याला सीटीओ म्हणतात. फुल सीटीओ लावला की फ्लॅश जवळपास ३२०० चा होतो, हाफ लावला की ३८०० च्या आसपास. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते सेटिंग) त्याप्रमाणे खाली आणायचा. मी बहुतेक वेळा हाफ लावतो, मागे थोडी ऊब राहिलेली लग्नात बरी दिसते. स्टेशनरीतला सजावटीचा रंगीत जिलेटिन कागद आणू नका, त्याचा रंग कुठेच जुळत नाही, नाटकाच्या लाइटवाल्यांना वापरतात ते जिलेटिन कुठून आणता विचारा नाहीतर कॅमेऱ्याच्या दुकानातून सेट घ्या.

स्टेजच्या मागे एलईडी वॉल असेल तर फोटोत आडवे पट्टे येतात, शटर १/१०० किंवा १/५० करून बघा, बऱ्याचदा जातात.

पाचवं सेशन: खरं कार्य

सरांबरोबर एका खऱ्या कार्यक्रमाला जायचं, बारसं, मुंज, साखरपुडा, घरातलंच असेल तर उत्तम. मुख्य फोटोग्राफर म्हणून नाही, मागून. आधी यजमानांना विचारा, आणि जो फोटोग्राफर ठरलेला आहे त्यालाही विचारा, त्याच्या फ्रेममध्ये तुमचा फ्लॅश चमकला तर त्याचं काम बिघडतं. तुमच्या ट्रिगरचं चॅनेल त्याच्यापेक्षा वेगळं ठेवा, नाहीतर तुम्ही बटण दाबलं की त्याचे लाइट चमकतील. तान्ह्या बाळाच्या तोंडावर जवळून थेट मारू नका, वर छताकडे मारा. आणि जिथे फ्लॅशला बंदी आहे तिथे नाही म्हणजे नाही, अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश बंद असतो तो त्या रंगांसाठी.

लग्न असेल तर एका क्षणाची तयारी सरांबरोबर आदल्या दिवशी घरी करा, अंतरपाटाची. शेवटचं मंगलाष्टक संपत येतं, "सावधान" होतं, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता उडतात, दोघं एकमेकांकडे बघतात, माळा पडतात, हे सगळं काही सेकंदांत. फ्लॅश फुल पॉवरवर असेल तर एकदा चमकल्यावर पेन्सिल सेलवर परत भरायला साधारण अडीच सेकंद लागतात, सेल उतरलेले असतील तर त्याहून जास्त, आणि तुम्हाला अंतरपाट धरलेला एक फोटो मिळतो आणि मग माळा गळ्यात पडून झालेल्या. माझ्याकडून हे झालंय, घरच्याच लग्नात, मामेभावाच्या, आणि मामीने नंतर अल्बम बघताना "तो अक्षतांचा नाही का रे?" असं विचारलं होतं त्याचं वाईट अजून वाटतं. करायचं काय, तर आयएसओ २०० वरून १६०० ला न्या, तीन स्टॉप मिळाले, म्हणजे फुल पॉवरचं काम आता १/८ वर होतंय आणि फ्लॅश लागोपाठ चार-पाच फ्रेमना साथ देतो. आयएसओ वाढवला म्हणजे कार्यालयातला उजेडही तेवढाच वाढला, तो जास्त वाटला तर शटरने कमी करायचा, पहिल्या सेशनचा नळ. घरी सराव करायचा तर दोघांनी चादर धरायची, तिसऱ्याने तांदूळ उडवायचे आणि तुम्ही दर वेळी पाच फ्रेम घ्यायच्या, तांदळाचे दाणे हवेत थांबलेले दिसेपर्यंत. कमी पॉवरला झोतही छोटा होतो त्यामुळे दाणे अजूनच स्वच्छ थांबतात, पण खोलीतला उजेड जास्त आत आला तर प्रत्येक दाण्याला मागे शेपटी दिसायला लागते.

परदेशात राहणाऱ्यांनी

न्यू जर्सी, लंडन, दुबई वगैरेहून मराठीतच शिकायचंय म्हणून विचारणा येते. व्हिडिओ कॉलवर होतं, फक्त फोन स्वतःच्या तोंडासमोर धरू नका. तो खोलीच्या कोपऱ्यात उंच ठेवा म्हणजे तुम्ही, मॉडेल, स्टँड, भिंत सगळं सरांना एकत्र दिसेल, आणि काढलेले फोटो कॅमेऱ्यातून लॅपटॉपवर लगेच येतील अशी वायर जोडून स्क्रीन शेअर करा. कार्याचं सेशन तेवढं होत नाही, ते तुमचं तुम्हालाच एखाद्या गणपतीच्या नाहीतर दिवाळीच्या कार्यक्रमात करावं लागतं.

शेवटचं सेशन, कॅमेऱ्याशिवाय

या दिवशी कॅमेरा बॅगेतच ठेवायचा. कार्याचे सगळे फोटो, काही न उडवता, लॅपटॉपवर लावा. सर गेल्यावर डिलीट करून टाकू असं मनात असलेले फोटोच आधी उघडा. प्रत्येकाला तीन प्रश्न, आणि उत्तर तुम्ही द्यायचं, सरांनी नाही: यात खोलीचा उजेड किती आणि फ्लॅशचा किती, फ्लॅश कुठून आला, आणि परत तिथेच उभा असतो तर कुठला एक नळ फिरवला असता. तिन्ही उत्तरं आली की पुढचा फोटो. एखाद्याला अडलात तर तो वेगळ्या फोल्डरमध्ये टाका.

काकूंच्या त्या फोल्डरमध्ये एकवीस फोटो निघाले होते. सतरा फोटोंत फ्लॅशचं डोकं सरळ छताकडे होतं, त्यांचं त्यांनाच मोजताना दिसलं. मग आम्ही आणखी एक सेशन सगळं बाउन्सवरच घेतलं, त्यांच्याच हॉलमध्ये, आणि नात पाळण्यात ठेवलेली होती म्हणून फ्लॅश आधी छतावरून, मग खिडकीच्या बाजूच्या भिंतीवरून, मग दाराआडच्या कोपऱ्यातून असं फिरवत तासभर काढला, कोपऱ्यातला सगळ्यात छान आला.